कॅम्प ४ ला जाऊन आलो

नाही ताई, हे मी तेव्हाही मानलं नव्हतं आणि आताही मानत नाही. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तीन गावं एकमेकांच्या अंगावर चढलेली, दर चार दुकानांमागे एक मेडिकल, आणि आईच्या मनगटात दोन तारा घालायला एक माणूस सापडत नाही? तू नीट विचारत नाहीस. तू जातेस, बाकावर बसतेस, आतून कोणी "डॉक्टर नाहीत" म्हणालं की पर्स उचलून घरी येतेस. तिथे मी असतो ना...

एवढ्यावर ताईने फोन कापला. आईचा हात मोडल्यापासून हेच भांडण रोज चालू होतं, त्यामुळे मला राग आला नाही. जेवून उठलो तर मेसेज पडलेला: "असतो ना, असतो ना करू नको. ये आणि शोधून दाखव."

मी तिकीट काढलं.

तर मंडळी, तुम्ही माझ्याकडे पांढरं रण, लखपतचा किल्ला, उंटाच्या दुधाचा चहा असलं वाचायला येता. मी कच्छमध्ये सोलरच्या साइटवर पॅनलखालचे लोखंडी सांगाडे जोडतो आणि सुट्टी मिळाली की बाईक काढतो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. या वेळचा प्रवास छोटा आहे, सगळा मिळून स्कूटरच्या एका टाकीतला. पण खरं सांगतो, लखपतला पोचणं सोपं होतं. तुमच्या घरात कोणाचं हाड मोडलेलं असेल आणि तुम्ही या पट्ट्यात राहत असाल तर हे शेवटपर्यंत वाचा. आणि नसाल राहत तरी वाचा, दाल पकवान आहे मध्ये.

आधी आईचं सांगतो. ती बदलापूरच्या कुळगावात राहते, ताईच्या शेजारच्याच खोलीत, आणि जीन्सचे धागे कापते. उल्हासनगरला शिवलेल्या पँटी गठ्ठ्याने घरी आणायच्या, लोंबणारे धागे कात्रीने उडवायचे, नगामागे पैसे. असाच गठ्ठा घेऊन जिना उतरताना तिचा पाय सरकला आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर लगेच झालं. पुढच्या एक्स-रेत दिसलं की आतल्या आत हाड सरकलंय, आता तारा घालून बसवावं लागेल, आणि लवकर. कारण हाड काही डॉक्टरची वाट बघत नाही, ते आपलं जुळत राहतं. वाकडं जुळलं की वाकडंच. मग कात्री धरता येणार नाही, डब्याचं झाकण उघडता येणार नाही. खासगीत विचारलं होतं. आकडा ऐकून आई म्हणाली, एवढ्यात नवीन हात येईल.

पहिला दिवस: बदलापूर

भुजहून पुण्याकडे जाणारी एक गाडी कल्याणला सोडते. आठवड्यातून एकदाच असते, पण मिळाली तर सोडू नका, बाकी गाड्यांत मुंबईला वळसा पडतो. सकाळी उतरलो, घरी जाऊन अंघोळ केली, शाळेतल्या एका मित्राची स्कूटर मागून घेतली. पेट्रोल मी भरायचं, पंक्चर झालं तर ते पण मी, एवढ्या बोलीवर.

कुळगाव बदललंय. माझ्या लहानपणी जिथे आम्ही करवंदं विकायला बसायचो तिथे आता सोळा मजली बिल्डिंग आहे, खाली जिम, जिमच्या खाली पॅथॉलॉजी. माणसं एवढी आली राहायला, त्यांच्या हाडांना बघायला कोणी यायचं राहून गेलं. स्टेशनच्या पूर्वेला मिसळ खाल्ली, साठ रुपये, तर्री वेगळी मागा. आईने डाव्या हाताने चमच्याने खाल्ली आणि रस्सा पदरावर सांडला, तेव्हाच मी ठरवलं की आज आवाज चढवायचा.

सरकारी दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथे ज्या सिस्टर होत्या त्यांना उगाच त्रास नको. मी गाडीत पाठ केलेलं सगळं भाषण म्हटलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, मग म्हणाल्या चला, आणि आम्हाला आतल्या एका खोलीच्या दारात नेऊन उभं केलं. ऑपरेशनची खोली. टेबलावर अजून प्लास्टिकचं कव्हर.

"हे टेबल. हा लाइट. या आम्ही. एक्स-रे तुमच्या हातात आहे. यात काय कमी आहे, सांगा बघू."

मी म्हणालो, डॉक्टर.

"हां. मग मी पण वर तेच लिहून पाठवते. तुम्ही माझ्यावर ओरडलात, बरं वाटलं तुम्हाला. मी कोणावर ओरडू?"

आधीचे हाडांचे डॉक्टर स्वतःचा दवाखाना टाकून गेले. मग एक बाहेरून यायचे, त्यांचंही येणं थांबलं. जागा आहे, खुर्ची आहे, माणूस नाही. त्यांनी पत्र लिहून दिलं: अंबरनाथला जा, तिथे हाडांचे डॉक्टर बसतात.

हा शब्द बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे डॉक्टर असत नाहीत, बसतात. कुठे बसतात, कधी बसतात, अजून बसतात का, हे कोंबडीची चौकशी केल्यासारखं विचारून घ्यायचं आणि मगच घरातून निघायचं. ताईला हे सगळं तोंडपाठ आहे. कानाचे मंगळवारी, डोळ्यांचे महिन्यातून दोनदा, लहान मुलांचे कधी कधी. संध्याकाळी तिने मला विचारलं, काय, सापडला का डॉक्टर? मी म्हणालो, पत्ता सापडलाय. ती म्हणाली, तो माझ्याकडे पण होता.

दुसरा दिवस: अंबरनाथ

बदलापूर ते अंबरनाथ रस्ता काँक्रीटचा आहे, पण पाइपलाइनसाठी कुठे ना कुठे उकरलेला असतो. मागे मोडका हात घेऊन माणूस बसलं असेल तर खड्ड्याच्या आधी ओरडून सांगायचं. आम्ही खूण ठरवली होती. मी "आई" म्हटलं की तिने हात छातीशी धरायचा. फॉरेस्ट नाक्यापर्यंत मी इतक्या वेळा आई म्हटलं की सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, काय भाऊ, काही दुखतंय का?

शेअर रिक्षाने जायचं असेल तर मोडलेल्या हाताच्या माणसाला कडेला बसवू नका, मध्ये बसवा. आणि नंबरासाठी सकाळी लवकर पोचा. आम्ही पोचलो तेव्हा रांग दाराबाहेर होती. सगळे इथलेच नव्हते. वांगणीचे होते, शेलूचे होते, एक म्हातारी मुरबाडकडून आली होती. जिथे एक डॉक्टर बसतो तिथे चार गावं येऊन उभी राहतात.

पण बसले होते. खरोखर हाडांचे डॉक्टर, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील, समोर चहा थंड झालेला. एक्स-रे उजेडाला धरला, आईची बोटं हलवून बघितली आणि मला वाटलं होतं त्याच्या दहापट नीट बोलले. तार घालणं अर्ध्या तासाचं काम, ते मी करतो. पण दंड बधिर करायला भूल देणारा डॉक्टर लागतो, आणि त्या एकच मॅडम आहेत, चार ठिकाणी फिरतात. मागच्या वेळी त्या येऊ शकल्या नाहीत म्हणून सगळी ऑपरेशनं पुढे गेली. आईने तोड काढली. म्हणाली, भूल राहू द्या, मी डोळे घट्ट मिटून घेते.

"मावशी, डोळे तुम्ही मिटाल. हाताचे कोण मिटणार?"

आई हसली. हात मोडल्यापासून मी तिला हसताना बघितलं नव्हतं, म्हणजे फोनवर तरी ऐकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, बहुतेक उद्या मॅडम येतील. आज रक्त तपासून घ्या, छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढा. उशीर करू नका, हाड धरायला लागलंय, यानंतर मी तार घातली तरी हात पहिल्यासारखा होईल असं सांगणार नाही. दारावर कागद लावतील, तो बघून जा.

रिपोर्ट चारनंतर मिळणार होते. मधल्या वेळात आईला शिवमंदिरात नेलं. मंदिर तुम्ही फोटोत बघितलं असेल, काळा दगड, अंगभर कोरलेला. शेजारून वालधुनी वाहते, तिचा वास फोटोत येत नाही, तो धरून चला. आई एका दगडाला टेकून बसली आणि कोरलेल्या बायांकडे बघत म्हणाली, यांचे पण हात तुटलेत बघ. मी म्हणालो, यांना पण बहुतेक उद्या या म्हणून सांगितलं असेल. बाहेर लिंबू सरबत पंधरा रुपये, बरं असतं.

परत आलो तर खिडकी बंद, डॉक्टर गेलेले. दारावर मात्र कागद होता, हिरव्या स्केचपेनने लिहिलेला:

"हाडांचे ऑपरेशन कॅम्प ४ ला. स. ८ वा. उपाशीपोटी यावे."

आता जे बाहेरगावचे आहेत त्यांच्यासाठी. उल्हासनगर फाळणीच्या वेळच्या निर्वासितांच्या छावण्यांचं गाव. कॅम्प एक, दोन, तीन, चार, पाच. आजही पत्ता तसाच सांगतात. अंबरनाथहून कॅम्प चार म्हणजे शेअर रिक्षाचं अंतर. मी कागद वाचला: हाडांचे ऑपरेशन, कॅम्प चारला, सकाळी आठ. दिवस डॉक्टरांनी सांगितलेलाच होता, उद्या. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, लिहिलंय की साहेब, वाचा. वाचलंच होतं मी. फोटो काढला.

आणि मला यात काहीच विचित्र वाटलं नाही. बदलापूरने अंबरनाथला पाठवलं, अंबरनाथ उल्हासनगरला पाठवणार, उल्हासनगर उद्या ठाण्याला पाठवेल. आम्हाला पुढे पाठवलं जायची सवय आहे. आई तर खूश झाली. कॅम्प चार तिच्या पायाखालचा, तिथूनच तिचे गठ्ठे येतात. ताईने संध्याकाळी विचारलं, कॅम्प चारला कुठे? मी म्हणालो, कॅम्प चारला म्हणजे कॅम्प चारला, तिथे गेल्यावर विचारायला तोंड आहे मला. तिला सारखी रजा मिळत नाही, ती अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. म्हणाली, जा बाबा, तूच जा.

तिसरा दिवस: उल्हासनगर, आणि परत

आई उपाशी, म्हणून मीही चहा घेतला नाही. फॉरेस्ट नाका, अंबरनाथ, मग नेताजी चौकावरून कॅम्प पाच ओलांडून लालचक्की, तिथे कॅम्प चार लागतो. वाटेत कालच्या दवाखान्याची गल्ली लागली. आईने प्लास्टरचा हात उचलून दाखवलं, हेच ना काल? मी म्हणालो हेच, आणि स्पीड वाढवला.

कॅम्प चार सकाळी बघावा. एका शटरमागे शिलाई मशिनींची घरघर चालू झालेली असते, दुसऱ्यात कोणी चेन लावतंय, तिसऱ्यात बटणांच्या गोण्या. मध्येच फरसाणाचा घाणा, मध्येच देवळात टाळ. स्कूटर गल्लीत घालू नका, हातगाडीवाला तुमच्यासाठी मागे जाणार नाही. मी एका दुकानदाराला विचारलं, कॅम्प किधर है?

"भाई, कॅम्प में ही तो खड़े हो."

नाही, ऑपरेशनवाला कॅम्प. त्याने एका दवाखान्याकडे पाठवलं, तिथे बाळांना लस देणं चालू होतं. तिथून एका हॉलवर पाठवलं, तिथे आधार कार्डाचा कॅम्प होता. पुढे एका चौकात मोठा मांडव दिसला, मी जिंकल्यासारखा हॉर्न वाजवला, तर ते चष्म्याचे नंबर काढत होते. आईला म्हणाले, या मावशी, बसा, हात मोडला म्हणून काय झालं, डोळे तपासून जा.

त्याच मांडवापाशी एक रिक्षा उभी होती. मागच्या सीटवर एक काका आडवे, पाय प्लास्टरमध्ये, पाऊल रिक्षाच्या बाहेर आलेलं, त्याला लाल रुमाल बांधलेला. ट्रकच्या बाहेर लोखंड आलं की बांधतात तसा. चालवणारा त्यांचा मुलगा, दिनेश, अंबरनाथच्या बुवापाड्याचा. काका एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन, जिन्यावरून पडून घोटा मोडलेला, प्लेट घालायची आहे. मागच्या वेळी मॅडम आल्या नव्हत्या तेव्हा उपाशीपोटी घरी परत गेलेल्यांपैकी एक. दिनेशच्या फोनमध्येही तोच कागद, तोच हिरवा स्केचपेन. मग तर माझी खात्रीच पटली. दोघांनी वेगवेगळं वाचून एकच वाचलं, म्हणजे बरोबरच असणार.

आई म्हणाली, आपल्या साईंना विचारू. साईं म्हणजे ती ज्यांच्याकडून जीन्स आणते ते व्यापारी, साठीचे, दुकानाच्या ओट्यावर दाल पकवान खात बसलेले. "अचो, अचो," म्हणजे सिंधीत या, या, म्हणाले, आणि आईचा हात बघून पकवान खालीच ठेवलं. आम्हा सगळ्यांसाठी प्लेटा मागवल्या. पातळ कडक पकवान, वर चण्याची डाळ, वर चिंच आणि कांदा, चाळीस रुपयांत पोट भरतं, उल्हासनगरला जाऊन हे खाल्लं नाही तर काय केलं. आई आणि काका उपाशी बसलेले, त्यामुळे मी आणि दिनेशने प्लेटा नुसत्या हातात धरल्या. साईंनी चष्मा लावून फोटो बघितला. देवनागरी त्यांना वाचता येते, मराठी अडते.

"ये 'ला' क्या है?"

मी म्हणालो, ला म्हणजे... को. जैसे घर ला, घर को.

"अच्छा. तो कॅम्प, चार को." त्यांनी पकवानाचा तुकडा मोडला. "चार को तो आज ही है बेटा. आज चार तारीख है."

दिनेशने खिशातून फोन काढून तारीख बघितली. मी बघितली नाही, मला बघायची हिंमत झाली नाही. साईं मात्र विचारत राहिले, क्या हुआ, गलत पढ़ा क्या मैंने?

कॅम्प चार तारखेला होता. अंबरनाथलाच, त्याच दारामागे, ज्या गल्लीसमोरून आम्ही सकाळी स्पीड वाढवून आलो होतो. मॅडम मिळाल्या की हाडांची सगळी ऑपरेशनं एका दिवशी उरकायची, त्याला ते कॅम्प म्हणतात. आणि पुढच्या वेळी मॅडम कधी मिळतील ते मॅडमना पण माहीत नसतं. तोवर आईचं हाड जुळून बसणार होतं, जसं पडलंय तसं.

मी ताईला फोन लावला. कारण तिची कंपनी त्या दवाखान्यापासून जवळ होती, आणि दुसरं कोण होतं? मी सांगितलं, ती एवढंच म्हणाली, "नववीत सोडलीस शाळा, ती 'ला'च्या आधीच सोडलीस वाटतं. गाडी हळू चालव, आईला पाडू नको. मी जाते."

गाडी हळू चालवली नाही. खड्डे आले तरी "आई" म्हणायला वेळ नव्हता, तीच मागून "हं, हं" करत होती. दिनेशची रिक्षा नेताजी चौकापर्यंत आरशात दिसत होती, मग एका टँकरमागे अडकली.

दवाखान्यात जे बघितलं ते सांगतो. भूलवाल्या मॅडम, बारीक अंगाच्या, पन्नाशीच्या, सँडल घालून तयार उभ्या. जे आले होते त्यांचं झालं होतं. बाकीच्यांची नावं दोनदा पुकारून झाली, कोणी ओ दिली नाही, म्हणून डॉक्टरांनीही कपडे बदललेले. आणि मॅडमची पर्स ताईच्या मांडीवर. त्या हात धुवायला गेल्या तेव्हा ताईने सांभाळते म्हणून घेतली होती आणि मागितली तरी देत नव्हती. हसून बोलत होती, मॅडम, आलेच बघा, वळणावर आहेत. जी बाई "नाहीत" म्हटलं की उठून येते असं मी म्हणत होतो, ती हीच.

तेवढ्यात दिनेशही पोचला. मॅडमनी आईकडे बघितलं, काकांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. रागावलेल्या नव्हत्या, नुसत्या दमलेल्या.

"हाताला तास लागेल. पायाला तीन. दोन वाजता मला दुसरीकडे सिझेरियनला उभं राहायचंय, ती बाई थांबू शकत नाही. हात घेते."

यात भांडायला जागा नव्हती. तिन्ही गरजा खऱ्या. मी आवाज चढवायला आलेलो माणूस, मी मान खाली घालून आईच्या पायातल्या चपला काढल्या. काकाच रिक्षातून म्हणाले, मग मला तेवढा चहा तरी पाजा आता, आणि तो लाल रुमाल सोडा, मी काय सळई आहे काय.

आई आत असताना मी सिस्टरना विचारलं, असं कसं लिहिलं हो? त्या साताऱ्याकडच्या, बदली होऊन आलेल्या, दोन महिने झाले नसतील. त्यांना माझा प्रश्नच कळेना. चारला म्हणजे चार तारखेला, अजून काय. त्यांच्या गावी चार नंबरचं गाव नसतं. आम्ही समजावलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. पुकारूनही न आलेले अजून दोघं होते, ते कदाचित तेव्हाही लालचक्कीला कोणाला तरी कॅम्प विचारत असतील. मॅडम रिकाम्या बसल्या आणि पेशंट कॅम्प चारला फिरले. डॉक्टर कमी आहेत हे तर आहेच, पण जेवढा आहे तेवढाही असा सांडतो. मी त्यांच्याच स्केचपेनने कागदावर वाढवलं: "४ तारखेला. इथेच." आणि "इथेच"खाली दोन रेघा मारल्या. तुम्हीही विचारा मंडळी. कागद वाचलात तरी माणसाला विचारा, आणि त्याने "वाचा की" म्हटलं तरी परत विचारा. कुठे आणि कधी, दोन्ही.

तासाने आईला बाहेर आणलं. मनगटातून दोन तारांची टोकं वर आलेली, पट्टीखाली. जागीच होती, फक्त हात झोपलेला. पोटावर ठेवलेल्या स्वतःच्या हाताकडे बघून ताईला म्हणाली, हा कोणाचा हात ठेवलाय माझ्यावर, उचल की. डॉक्टरांनी नवा एक्स-रे दाखवला. हाड सरळ बसलं होतं. मला एक्स-रेतलं काही कळत नाही, पण लोखंड सरळ उभं आहे की नाही हे कळतं, तेच माझं काम आहे. सरळ होतं.

परत साइटवर

चार दिवस राहून निघालो. आता कच्छमध्ये बसून हे लिहितोय, बाहेर वारा आहे, पॅनल वाजतायत. आईचा काल फोन आला, बोटांना मुंग्या येतात म्हणे, म्हणजे जिवंत आहेत. तारा काढायला भूल लागत नाही, हाडांचे डॉक्टर बसले की झालं, आणि ते बसतात. तिची कात्री पुन्हा चालणार, याबद्दल मला शंका नाही.

भांडणाचं म्हणाल तर ताई जिंकली, पण पूर्ण नाही. डॉक्टर नाहीत हे तिचं खरं. शोधला तर सापडतो हे माझं खरं. फक्त एकाला सापडला की तो दुसऱ्याच्या वाट्याचा असतो, हे आम्हा दोघांनाही आधी माहीत नव्हतं.

दिनेशच्या वडिलांचा पुढचा कॅम्प लागला होता. कागद नीट लिहिला होता म्हणे, तारीख, जागा, सगळं. काका उपाशीपोटी गेले आणि मॅडमना दुसरीकडे बोलावणं आलं. घोटा आता सुजलाय. शेवटी दिनेशने त्यांना एका ट्रस्टच्या दवाखान्यात नेलं, तिथे पैसे भरले की दोन दिवसांत होतं. बुवापाड्याच्या रिक्षा स्टँडवर वर्गणी चालू आहे, कोणी पाचशे, कोणी हजार. ताईने सांगितलं आणि लगेच म्हणाली, तू दोन-तीनशे टाक, जास्त शहाणपणा करू नको, आईचे एक्स-रे आहेत अजून.

मी निघताना मुकादमाकडून उचल घेतली होती, आईला खासगीत न्यायची पाळी आलीच तर म्हणून. पाळी आली नाही. पेट्रोल, तपासण्या, गोळ्या आणि आईच्या एक्स-रेचे बाजूला काढून जे राहिलं ते आईच्या तासाचं आहे असं मी धरतो, आणि त्या दिवशी तो तास एकच होता. ताई, हे वाचलंस की फोन करशील, भांडू मग. दिनेशभाऊचा नंबर लावलेला आहे, बोट बटणावर आहे. पाठवतोय: अकरा हजार चारशे.